पहिले सीझर झालेले असताना घरी बाळंतपण करावे का?

प्रश्न विचारणाऱ्या बाई ३१ वर्षांच्या आहेत आणि पुण्यात राहतात. सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांचे पहिले बाळंतपण सीझरने झाले. आता दुसऱ्या वेळी ३४वा आठवडा चालू आहे. बाळाचे डोके खाली आहे, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहे. त्यांना हे बाळंतपण घरी करायचे आहे. त्यांच्या डॉक्टरांनी "अजिबात नको" एवढेच सांगितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. सोबतीला एक अनुभवी डूला (बाळंतपणात सोबत करणारी, धीर देणारी बाई) आहे, पती तयार आहेत, सासूबाईंचा ठाम विरोध आहे. पत्रात त्यांनी लिहिले आहे, "मला पुन्हा त्या टेबलावर जायचे नाही. माझ्या आजीची नऊ बाळंतपणे घरीच झाली. हा निर्णय घेण्याचा मला हक्क आहे की नाही?"

हक्काचे आधी सांगते, कारण तो भाग सोपा आहे. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईच्या संमतीशिवाय तिच्यावर उपचार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि ती संमती तिची स्वतःचीच लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही तिची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला न मानण्याचा हक्क तुम्हाला आहेच. मात्र त्याच निकालाने डॉक्टरांवरही एक जबाबदारी टाकली आहे: उपचार काय, पर्याय कोणते, धोके किती आणि काहीच न केल्यास काय होईल, हे तुम्हाला समजेल अशा रीतीने सांगण्याची. "अजिबात नको" या दोन शब्दांत ती जबाबदारी पार पडत नाही. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला माझ्या मते बरोबर आहे, पण तो ज्या पद्धतीने दिला गेला ती चूक आहे, आणि अशा पद्धतीमुळेच अनेक बायका दवाखान्यापासून दूर जातात, हे माझ्या, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या, व्यवसायातल्या लोकांनी मान्य करायला हवे.

आता धोक्याकडे येऊ. सीझरच्या वेळी गर्भाशयाच्या पिशवीवर जो छेद घेतला जातो, तो भरून येतो, पण ती जागा मूळच्या स्नायूसारखी राहत नाही. कळा जोराच्या झाल्या की ताण त्या व्रणावर येतो. खालच्या भागातला आडवा छेद असेल आणि एकच सीझर झालेले असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या साधारण २०० बायकांत एकीचा व्रण कळांमध्ये उसवतो. १०० पैकी ७२ ते ७५ जणी अशा प्रयत्नात नीट बाळंत होतात. पहिले सीझर कळा पुढे न सरकल्यामुळे झाले असेल, तर हे प्रमाण थोडे कमी भरते. हे आकडे वाईट नाहीत. या आकड्यांच्या बळावरच मी स्वतः गेली २६ वर्षे, योग्य वाटेल त्या प्रत्येक बाईला दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीसाठी प्रोत्साहन देत आले आहे.

पण या आकड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. हे सगळे आकडे रुग्णालयातले आहेत. २०० मध्ये एकीचा व्रण उसवतो, तरी बाळ दगावण्याचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी राहते, ते शेजारच्या खोलीत ऑपरेशन थिएटर, इमारतीत भूलतज्ज्ञ आणि फ्रीजमध्ये रक्त तयार असते म्हणून. घरी व्रण उसवण्याची शक्यता तेवढीच राहते. उसवल्यानंतर काय होते, ते बदलते.

हे नेमके कसे घडते, याचे एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बाई तुमच्यासारखीच होती: एक सीझर झालेले, कळा आपोआप सुरू झालेल्या, पिशवीचे तोंड सात सेंटिमीटर उघडलेले, सगळे सुरळीत. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी बाळाचे ठोके १४० वरून ९० वर आले आणि पुढच्या कळेला ७० वर जाऊन तिथेच राहिले. ती ओरडली नाही. "मॅडम, खांद्यात दुखतंय," एवढेच म्हणाली. पोटात रक्त साचले की दुखणे कधी कधी खांद्यात जाणवते, हे ठाऊक नसेल तर अवघडून झोपल्यामुळे दुखत असेल असे कोणालाही वाटेल. मी आत तपासले, तेव्हा तासाभरापूर्वी खाली उतरलेले डोके पुन्हा वर सरकले होते. २:४३ ला तिला थिएटरकडे नेले, २:५६ ला बाळ बाहेर आले. ते रडले नाही. बालरोगतज्ज्ञांनी बॅग आणि मास्कने श्वास दिला, आणि सुमारे चार मिनिटांनी त्याने पहिला आवाज काढला. व्रण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडला होता. पिशवी शिवता आली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. ठोके पडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत १६ मिनिटे गेली होती. ही वेळ साधारण वीस मिनिटांच्या पुढे गेली, की बाळाच्या मेंदूला इजा होण्याची भीती झपाट्याने वाढते.

आता हाच प्रसंग तुमच्या घरी, तुमच्या मजल्यावर घडला असे समजा. हातातल्या डॉपलरने दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकले जात असतील, तर ते पडल्याचे कळायलाच काही मिनिटे जातील. मग १०८ ला फोन, गाडी येणे, बाईला लिफ्टमधून खाली आणणे, रस्ता, दवाखान्यात कागद, "आधी कुठे दाखवलं होतं?", भूलतज्ज्ञांना घरून बोलावणे. सगळे जमून आले तरी ४० मिनिटांच्या आत बाळ बाहेर येणे मला शक्य दिसत नाही, आणि पुण्यात संध्याकाळी सात वाजता तर नाहीच. घर की दवाखाना, असा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत आहात. माझ्या दृष्टीने प्रश्न इतकाच आहे की थिएटर आणि रक्त तुमच्यापासून किती मिनिटांवर आहे.

परदेशात घरी बाळंतपणे होतात, हे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे आहे. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून अधिक बायकांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांच्या बाबतीत घरी आणि रुग्णालयात बाळांच्या दृष्टीने फरक आढळला नाही. पहिलटकरणींत मात्र बाळावर गंभीर परिणाम होण्याचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ आणि घरी ९.३ निघाले, आणि घरून सुरुवात केलेल्या १०० पैकी ४५ पहिलटकरणींना मध्येच किंवा नंतर रुग्णालयात हलवावे लागले. ही तुलना कमी जोखमीच्या बायकांची होती. आधी सीझर झालेल्यांना त्या गटात धरलेलेच नव्हते. शिवाय तुमची पहिली प्रसूती योनिमार्गे झालेली नसल्यामुळे, कळांच्या वेळाच्या दृष्टीने तुमचे शरीर पहिलटकरणीसारखेच वागण्याची शक्यता अधिक. म्हणजे हलवावे लागण्याची शक्यता दोन्हीकडून वाढते. घरच्या बाळंतपणाची परंपरा टिकवून ठेवलेल्या नेदरलँड्समध्येही कोणी घरी बाळंत व्हायचे आणि कोणी नाही याची यादी ठरलेली आहे. चार वर्षांचे शिक्षण घेतलेल्या तिथल्या सुइणी ती पाळतात, आणि त्या यादीनुसार सीझर झालेली बाई रुग्णालयात जाते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ च्या आपल्या मतपत्रात आधीचे सीझर, जुळी आणि बाळ आडवे किंवा पायाळू असणे, या तिन्ही स्थितींत घरी बाळंतपण करू नये असे स्वच्छ म्हटले आहे.

राहिली आजी. तिच्या नऊ बाळंतपणांविषयी मला आदर आहे, पण तिच्या पिशवीवर व्रण नव्हता. आणि त्या काळातल्या ज्या आज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची गोष्ट सांगायला नाती उरल्या नाहीत.

सुइणींना मी कमी लेखत नाही; माझ्या उमेदवारीची वर्षे नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याला गेली आणि बाळंतपणातला संयम मी तिथल्या सुइणींकडून शिकले. एकदा पाड्यावरून एका बाईला बांबूच्या झोळीतून अडीच तास चालत आणले होते. बाळ पहाटे झाले होते, चांगले रडले होते, पण वार पडली नव्हती. झोळीच्या बाजूने म्हातारी सुईण चालत होती आणि पूर्ण वाटभर तिचा एक हात त्या बाईच्या पोटावर होता. पिशवी मऊ लागली की ती चोळायची, कडक झाली की थांबायची. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आत हात नाही घातला बाई, ते माझं काम नाही." भूल देऊन मी वार काढली, आणि रक्त जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत सलाइनवर वेळ काढला. ती बाई वाचली, त्याचे निम्मे श्रेय त्या हाताला आहे. पूर्ण दिवसांच्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असते, त्यामुळे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कोणाची वाट पाहत नाही. त्या पाड्यावरच्या बाईने घर निवडले नव्हते. तिच्याकडे रस्ता नव्हता. ज्यांच्याकडे रस्ता नाही अशांसाठी काय करता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित बायकांच्या मदतीने नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवून दाखवून दिले. तुमच्या घरापासून मात्र पाच किलोमीटरांत रक्तपेढी आहे, आणि ती न वापरण्याचा तुम्ही विचार करत आहात.

डूला आणि प्रशिक्षित सुईण यांतला फरकही इथेच सांगते, कारण तुमच्या पत्रात तो पुसट झाला आहे. डूला पाठ दाबून देते, श्वास सांभाळायला मदत करते, धीर देते. तिची सोबत असली तर कळा सुसह्य होतात आणि सीझरचे प्रमाणही थोडे घटते, हे सिद्ध झालेले आहे. पण रक्तस्राव थांबवणे किंवा न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे तिच्या शिक्षणात नसते. दर दहांतल्या एखाद्या बाळाला जन्मतः श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटात द्यावी लागते. सरकारने २०१८ च्या अखेरीस परिचारिकांसाठी मिडवाइफरीचा (सुईणकामाचा) अठरा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम ठरवला, तो याच कौशल्यांसाठी. त्या परिचारिकांनी काम करावे असे अपेक्षित आहे ते रुग्णालयांतच.

एवढे लिहिल्यावर तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदाकडे येते. माझ्या मते खरे उत्तर तिथे आहे. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या वेळी पिशवीचे तोंड दोन सेंटिमीटर उघडल्यावरच दाखल करून घेतले, कळा आणण्यासाठी जेल ठेवले, नवऱ्याला बाहेर बसवले, चौदा तास पाठीवर झोपवून ठेवले, पाणीही दिले नाही, चार सेंटिमीटरवर "होत नाहीये" म्हणून सीझर केले आणि बाळ चार तासांनी हातात दिले. यातले जवळजवळ काहीच शास्त्राला धरून नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सक्रिय कळा पाच सेंटिमीटरपासून धरायच्या असतात. म्हणजे तुम्ही कळांच्या खऱ्या टप्प्यात पोचण्याआधीच तुम्हाला नापास केले गेले. सोबतीण जवळ असणे, हिंडणे-फिरणे, पाणी पिणे, हव्या त्या स्थितीत बाळंत होणे, या गोष्टी त्याच सूचनांत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांत १०० पैकी ४७ बाळंतपणे सीझरने झालेली दिसतात. एवढी सीझर शरीराच्या गरजेने होत नाहीत, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. तुमचा अविश्वास निराधार नाही. तुम्हाला जे टाळायचे आहे ते टाळण्यासारखेच आहे, पण त्यासाठी थिएटरपासून दूर जाण्याची गरज नाही. डॉक्टर बदला. रुग्णालय बदला.

नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: गेल्या वर्षी सीझरनंतरची नैसर्गिक बाळंतपणे तुमच्याकडे किती झाली, रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात, रक्त किती वेळात मिळते, आणि तुम्ही नसाल तेव्हा कोण असेल. हे प्रश्न ऐकून जे डॉक्टर चिडतील, ते रात्री तीन वाजताही चिडतील. मग काय हवे ते एका पानावर मराठीत लिहून त्यांची सही घ्या: कळा आपोआप सुरू होण्याची ४१ आठवड्यांपर्यंत वाट पाहणे, पती किंवा डूला पूर्ण वेळ जवळ असणे, गरजेशिवाय योनीच्या तोंडाशी छेद न घेणे, नाळ किमान एक मिनिट न कापणे, बाळ लगेच छातीवर देणे. एका बाबतीत मात्र तुम्हीही ऐका: कळा सुरू झाल्यावर बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष लागेल, कारण व्रण उसवण्याची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच दिसते. उभे राहून किंवा चेंडूवर बसूनही ठोके टिपणारा पट्टा लावता येतो. वायर आखूड आहे ही सबब चालवून घेऊ नका. आणि सीझर पुन्हा करावेच लागले, तर तेही पहिल्यासारखे होण्याचे कारण नाही. कमरेत भूल दिलेली बाई जागी असते. बाळ टेबलावरच तिच्या छातीशी देता येते, आणि पती उशाशी बसू शकतात.

हे सगळे ऐकूनही तुम्ही घरीच राहायचे ठरवले, तर मी तुमच्या घरी येणार नाही, हे आताच सांगते. माझ्या हातात जी साधने नसतील त्यांच्या भरवशावर मी तुम्हाला धीर देऊ शकत नाही. पण म्हणून माझे दार बंद होत नाही, आणि कोणत्याही डॉक्टरचे होऊ नये. जवळच्या रुग्णालयात नाव नोंदवून फाइल उघडून ठेवा. प्रशिक्षित सुईण असल्याशिवाय घरी सुरुवातसुद्धा करू नका. तिच्याकडे ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेले असावे आणि ते बाळ झाल्यानंतरच द्यावे. कळा वाढवण्यासाठी इंजेक्शन, जिभेखाली गोळी किंवा एरंडेल कोणी देऊ लागले तर त्याच क्षणी थांबवा. व्रण असलेल्या पिशवीला याहून घातक दुसरे काही नाही. दोन कळांच्या मधल्या काळात न थांबणारे दुखणे, अंगावरून लाल रक्त जाणे, हिरवट पाणी, ठोके ११० च्या खाली जाणे किंवा जोर देऊन तासभर होऊनही डोके न सरकणे, यांपैकी काहीही दिसले की चर्चा न करता निघायचे. त्यासाठी गाडी आणि चालक दारात हवा. पाण्याच्या टबमध्ये बाळंत होण्याचा बेत असेल, तर तो तरी सोडा, कारण त्या पाण्यात या खुणा उशिरा दिसतात. आणि दवाखान्यात पोचल्यावर लाजेपोटी काही लपवू नका. कळा किती वाजता सुरू झाल्या, काय दिले, किती वेळ जोर दिला, हे खरे कळले नाही तर आम्ही चुकीचा निर्णय घेतो. बाळाचे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, पहिल्या दिवसाच्या लसी, तुमचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास ७२ तासांतले इंजेक्शन आणि २१ दिवसांतली जन्मनोंदणी, हे घरी झालेल्या बाळंतपणात हमखास राहून जाते.

तुमच्या सासूबाईंनी विरोधाचे कारण काय सांगितले, ते पत्रात नाही. त्यांना एकदा निवांत विचारा. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांनी घरात एखादे बाळंतपण बिघडताना पाहिलेले असते आणि ते त्या सहसा आपणहून सांगत नाहीत.

मला भेटायला, ३६व्या आठवड्याच्या आत, पती आणि डूला दोघांनाही घेऊन या. वार कुठे आहे हे पाहण्यासाठी सोनोग्राफी झालेली असावी, कारण वार जुन्या व्रणावर बसली असेल तर वरची सगळी चर्चाच रद्द होते आणि नियोजित सीझरशिवाय मार्ग उरत नाही. पहिल्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड मूळचे आणा, मोबाइलमधला फोटो नको. छेद आडवा होता की उभा, ही एकच ओळ मला त्यात वाचायची आहे, आणि ती बहुतेक वेळा घाईत पेनाने लिहिलेली व घडीवर पुसट झालेली असते. ती वाचता आली नाही, तर त्या रुग्णालयाकडून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागावी लागेल. ती मागण्याचाही तुम्हाला हक्क आहे, आणि अर्ज दिल्यापासून ७२ तासांत ती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.